पंच्याहत्तर शब्दांचा जोगवा

कॅलिफोर्नियातल्या मतदाराकडे लोकशाही टपालाने येते. निवडणुकीला महिनाभर असताना दारात एक जाड लिफाफा पडतो आणि त्याच्या मागेपुढे एक माहितीपुस्तिका येते. २०२१ च्या कायद्याने प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका घरी पाठवणे सक्तीचे झाले, त्यामुळे ‘मतदान केंद्र लांब होते’ ही सबब गेली. ‘वाचायला वेळ मिळाला नाही’ ही तेवढी उरली आणि ती शंभर टक्के खरी आहे. मतपत्रिका राष्ट्राध्यक्षापासून सुरू होते. मग सिनेटर, मग राज्याची विधानसभा, मग ज्यांचे नाव कुणी आयुष्यात ऐकलेले नाही असे न्यायाधीश, शाळा मंडळ, कम्युनिटी कॉलेजचे मंडळ, पाणीपुरवठा मंडळ. मग क्रमांक लावलेले राज्यपातळीवरचे प्रस्ताव. या सगळ्यातून माणूस तरून गेला, तर शेवटच्या पानावर इंग्रजी मुळाक्षरांच्या नावाचे स्थानिक प्रस्ताव त्याची वाट पाहत असतात. त्यांना ‘मेझर’ म्हणतात: मेझर ए, मेझर बी, मेझर एक्स. त्यांतला एखादा तरी त्याच्या खिशाबद्दल असतोच.

तो वाचणाऱ्याला आधी कळत नाही की हा कर आहे. मतपत्रिकेवरचा प्रश्न पंच्याहत्तर शब्दांत बसवावा, असा नियम आहे आणि या पंच्याहत्तर शब्दांचे एक शास्त्र तयार झाले आहे. साचा साधारण असा:

‘आपत्कालीन फोनला तत्काळ प्रतिसाद मिळावा, अग्निशमन केंद्रे चालू राहावीत, रस्त्यांवरील खड्डे बुजावेत, वाचनालयाच्या वेळा टिकाव्यात, उद्याने स्वच्छ व सुरक्षित राहावीत, ज्येष्ठ नागरिकांचे व मुलांचे उपक्रम सुरू राहावेत आणि इतर सर्वसाधारण सेवांसाठी निधी मिळावा म्हणून, मतदार बंद करीपर्यंत अर्ध्या सेंटचा विक्रीकर लावणारा, वर्षाला अंदाजे इतके दशलक्ष डॉलर देणारा, हिशेबतपासणी व नागरिकांची देखरेख असलेला, सर्व पैसा याच शहरात ठेवणारा ठराव संमत करावा काय?’

यात अग्निशामक आहेत, आजी-आजोबा आहेत, मुले आहेत, पुस्तके आहेत. ‘विक्रीकर’ हा शब्द येईपर्यंत वाचणाऱ्याचे डोळे पाणावलेले असतात. सगळ्यात महत्त्वाचे शब्द मात्र ‘इतर सर्वसाधारण सेवा’ हे आहेत. वरची सगळी यादी ही ताटाभोवतीची रांगोळी. कायद्याच्या दृष्टीने पैसा शहराच्या सामान्य तिजोरीत जातो आणि तिथून सिटी कौन्सिल तो कशावरही खर्च करू शकते. ‘मतदार बंद करीपर्यंत’ हीही कारागिरीच. याचा अर्थ ‘कायमचा’. पण ‘कायमचा कर’ म्हटले की मतदार दचकतो, आणि ‘मतदार बंद करीपर्यंत’ म्हटले की किल्ली आपल्याच कमरेला आहे असे त्याला वाटते.

ही यादी कौन्सिलच्या बैठकीत कुणाला सुचत नाही. त्याआधी शहर एक सल्लागार कंपनी नेमते, ती काहीशे नागरिकांना फोन करून विचारते की तुम्हाला कशाची जास्त काळजी वाटते. लोक सांगतात: खड्डे, आग, चोऱ्या. मग मतपत्रिकेत खड्डे, आग आणि चोऱ्या येतात. प्रत्यक्षात नगरपालिकेच्या लेखा विभागाला सॉफ्टवेअर बदलायचे असते, किंवा निवृत्तांच्या पेन्शनचा हप्ता भरायचा असतो. पण लेखा विभागासाठी कुणाचा गळा दाटून आल्याची नोंद नाही.

खुद्द ‘अर्धा सेंट’ हे नावही मोठ्या खुबीचे. एका डॉलरच्या खरेदीवर अर्धा सेंट, म्हणजे अर्धा टक्का. अमेरिकेच्या टांकसाळीने अर्ध्या सेंटचे नाणे १८५७ मध्येच बंद केले आणि चलनासाठीचा अख्खा सेंटही नोव्हेंबर २०२५ मध्ये शेवटचा पाडला. पण करांच्या दुनियेत सेंट अजून चलनात आहे. इतकेच काय, शहरांना कर वाढवायचा तो अष्टमांश सेंटाच्या पायरीने वाढवता येतो. जे नाणे कधी पाडलेच गेले नाही, त्याच्या मापाने अब्जावधी डॉलर गोळा होतात.

शहराला हे सगळे मागावे का लागते, हा प्रश्न विचारणाऱ्याला १९७८ सालात जावे लागते. तेव्हा घरांच्या किमती आणि त्यांच्यावरचा प्रॉपर्टी टॅक्स इतका वाढत होता की म्हातारी माणसे स्वतःच्या घरात कर्जबाजारी होऊ लागली होती. हॉवर्ड जार्व्हिस नावाच्या एका तापट, बोलघेवड्या गृहस्थाने ‘प्रॉपोझिशन १३’ आणले आणि त्या वर्षीच्या ६ जूनला मतदारांनी ते डोक्यावर घेतले. घराच्या खरेदीकिमतीच्या एक टक्का एवढाच कर, आणि कर आकारण्याची किंमत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढणार. घर विकले जाईपर्यंत बाजारभाव काहीही असो. त्यामुळे आजही एकाच गल्लीत दोन सारखी घरे असतात. एकात चाळीस वर्षे राहणारी आजी असते, दुसऱ्यात मागच्या वर्षी आलेले तरुण जोडपे, आणि जोडप्याचा कर आजीच्या दहापट असू शकतो. रस्ता दोघांचा एकच. खड्डाही.

प्रॉपर्टी टॅक्सचा नळ असा बारीक झाल्यावर शहरांनी इतर करांकडे पाहिले. मतदारांनी तेही पाहिले. १९९६ च्या ‘प्रॉपोझिशन २१८’ ने ठरवून टाकले की स्थानिक कर कोणताही असो, तो मतदारांना विचारल्याशिवाय लावायचा नाही. आणि विचारायचे तेही, बहुतेक करांबाबत, कौन्सिलच्या नेहमीच्या निवडणुकीसोबतच. मध्येच विचारायचे तर कौन्सिलने एकमताने आणीबाणी जाहीर करायची. आर्थिक आणीबाणी एकमताने जाहीर करण्याची कला कॅलिफोर्नियातल्या अनेक कौन्सिलांना साधली आहे, हे सांगायला नकोच.

(महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळे स्वप्नवत वाटेल. मुंबईची जकात ३० जून २०१७ च्या मध्यरात्री गेली आणि १ जुलैला जीएसटी आला. त्याआधी बाकीच्या महापालिकांत जकात जाऊन एलबीटी आला होता आणि व्यापाऱ्यांच्या आंदोलनानंतर तोही गेला. या सगळ्या ये-जा करणाऱ्या करांपैकी एकाबद्दलही कुणाला मतपत्रिकेवर ‘तुमचे काय मत?’ असे विचारले गेले नाही. विचारले असते तर निकाल काय लागला असता, हे सांगायला सल्लागार कंपनी नको.)

आता या व्यवस्थेतला खरा विनोद. कर दोन प्रकारचे: सर्वसाधारण आणि विशेष. सर्वसाधारण कराचा पैसा कशावरही खर्च करता येतो आणि तो साध्या बहुमताने मंजूर होतो. विशेष कराचा पैसा सांगितलेल्या कामावरच खर्च करावा लागतो, आणि त्याला दोन तृतीयांश मते लागतात. म्हणजे ‘आम्हाला पैसे द्या, आम्ही बघू काय करायचे ते’ असे म्हणणाऱ्या शहराला शंभरातली एक्कावन्न मते पुरतात, आणि ‘हा पैसा फक्त अग्निशमन दलासाठी, लेखी देतो’ असे म्हणणाऱ्या शहराला सदुसष्ट लागतात. सचोटीला सोळा मतांचा दंड आहे. करबुडव्यांनी रचलेला नियम वाटावा असा हा नियम करविरोधकांनी रचला आहे. त्यांचा हेतू कर अवघड करण्याचा होता. अवघड झाला तो फक्त प्रामाणिक कर.

यावर शहरांनी जो तोडगा काढला त्याला दाद द्यावीच लागेल. स्टॉकटन शहराने २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांपुढे दोन प्रस्ताव शेजारी शेजारी ठेवले गेले. मेझर ए: पाऊण सेंटचा सर्वसाधारण विक्रीकर, खर्च कशावरही. मेझर बी: सल्ला. ए मंजूर झाला तर त्यातला ६५ टक्के पैसा पोलीस आणि गुन्हे रोखण्यावर व उरलेला दिवाळखोरीतून बाहेर येण्यावर खर्च करावा का, एवढेच नागरिकांनी सांगायचे. कौन्सिलवर बंधन काही नाही. दोन्ही मंजूर झाले. एका हाताने कोरा चेक घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने ‘कशासाठी हवा होता बरे?’ असे प्रेमाने विचारायचे, अशी ही जोडी. व्हॅलेहो हे शहर स्टॉकटनच्याही आधी, २००८ मध्ये, दिवाळखोरीत गेले होते. २०११ मध्ये तिथल्या लोकांनी एक सेंटचा कर मंजूर केला आणि कौन्सिलने त्यातला काही वाटा कुठे खर्च करायचा हे थेट नागरिकांना ठरवू दिले. अख्ख्या शहराच्या पातळीवरचा अमेरिकेतला तो पहिला प्रयोग.

२०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अपलंड शहराच्या खटल्यात आणखी एक खिडकी उघडली. विशेष कर शहराने मांडला तर दोन तृतीयांश मते, पण तोच कर नागरिकांनी सह्या गोळा करून मांडला तर साधे बहुमत पुरते, असा अर्थ त्या निकालातून पुढे निघाला. लॉस एंजेलिस कौंटीत बेघरांसाठीचा पाव सेंटचा कर २०१७ मध्ये कौंटीने मांडला तेव्हा दोन तृतीयांशाचा डोंगर चढावा लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कामासाठी दुप्पट, म्हणजे अर्ध्या सेंटचा कर आला तो नागरिकांच्या सह्यांवर, आणि साठ टक्क्यांच्या आतली मते घेऊन आरामात पार झाला. तेव्हापासून नागरिकांना आपणहून कर मांडण्याची सुरसुरी बरीच वाढली आहे.

या साऱ्या नाटकाचा सगळ्यात रंगलेला प्रयोग पाहायचा तर सॅलिनासला जावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, समुद्रापासून फार लांब नसलेले हे शेतीचे शहर. आजूबाजूच्या खोऱ्यात लेट्यूस, ब्रोकोली आणि स्ट्रॉबेरी इतकी पिकते की शहर स्वतःला जगाचे सॅलडपात्र म्हणवते. जॉन स्टाइनबेक १९०२ मध्ये इथेच जन्मला आणि १९६२ मध्ये त्याला नोबेल मिळाले. हयातीत गावाचे आणि त्याचे फारसे सूत नव्हते. त्याच्या पुस्तकांतून आपली बदनामी होते असे गावातल्या बड्या मंडळींना वाटे. शाळेला त्याचे नाव देण्याची चर्चा निघाली तेव्हा त्याने पत्रातून सुचवले होते की शाळा नको, एखाद्या बोलिंगच्या अड्ड्याला वगैरे द्या. गावाने ऐकले नाही. तो गेल्यावर मुख्य वाचनालयालाच त्याचे नाव दिले.

२००२ मध्ये या गावात मेझर ओ आला. तो कर लावण्यासाठी नव्हता, काढण्यासाठी होता. वीज, पाणी, फोन अशा बिलांवर शहर जो कर घेत होते तो रद्द करावा, असे काही नागरिकांचे म्हणणे. कौन्सिलने शांतपणे एक यादी तयार केली: हा कर गेला तर कोणकोणत्या सेवा बंद कराव्या लागतील. यादी वेबसाइटवर टाकली, कार्यालयांत ठेवली, शहराच्या वार्तापत्रात छापली. करविरोधक चिडले. सरकारी पैशाने प्रचार करायला कॅलिफोर्नियात १९७६ पासून न्यायालयाची मनाई आहे. माहिती मात्र देता येते. मग ही यादी माहिती की प्रचार? ‘व्हार्गस विरुद्ध सॅलिनास’ हा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. न्यायालयाने सांगितले की मजकुराची शैली, सूर आणि वेळ पाहावी लागते, आणि सॅलिनासचा सूर संयत होता. मेझर ओ २००२ मध्येच पडला होता, निकाल सात वर्षांनी आला, आणि तेव्हापासून राज्यातली झाडून सगळी शहरे करांची माहितीपत्रके अशा सुरात लिहितात की तो वाचून मांजरालाही झोप यावी. ‘अग्निशमन केंद्र क्रमांक तीन बंद होईल’ एवढे म्हणता येते. ‘तेव्हा मत द्या’ हे शब्द पुढे लिहिता येत नाहीत. ते वाचणाऱ्याने स्वतःच पूर्ण करायचे.

पण सॅलिनासच्या लोकांना यादी कोरडी वाटत राहिली. नोव्हेंबर २००४ मध्ये शहराने करवाढीचे प्रस्ताव मांडले, ते मतदारांनी फेटाळले. तेव्हा कौन्सिलने शहरातली तिन्ही वाचनालये बंद करण्याचे ठरवले: स्टाइनबेकच्या नावाचे, शेतमजुरांचे पुढारी सेझार चावेझ यांच्या नावाचे आणि एल गॅबिलान. आता मात्र बातमी जगभर गेली. नोबेल मिळवणाऱ्या लेखकाच्या जन्मगावी एकही सार्वजनिक वाचनालय राहणार नाही, हे वाक्य कोणत्याही संपादकाला आवडेल असेच होते. एप्रिल २००५ मध्ये लेखक-कलावंत गावात जमले आणि त्यांनी सलग चोवीस तास जाहीर वाचन केले. ‘रॅली सॅलिनास’ नावाने देणग्या गोळा झाल्या, आणि त्या पैशांवर वाचनालये आठवड्यातले मोजके तास का होईना उघडी राहिली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेझर व्ही आला: अर्धा सेंट, दहा वर्षांसाठी. बारा महिन्यांपूर्वी ‘नाही’ म्हणणाऱ्या गावाने ‘हो’ म्हटले. गाव तेच, शेतकरी तेच; मध्ये फक्त दाराला कुलूप लागण्याची वेळ आली होती. दहा वर्षांची मुदत संपायला बराच अवकाश असताना, २०१२ मध्ये, मेझर ई ने ती मुदतच काढून टाकली. दोन वर्षांनी मेझर जी ने आणखी एक सेंट चढवला, पंधरा वर्षांसाठी. त्याच २०१४ मध्ये बससेवेने वृद्ध, अपंग आणि माजी सैनिकांच्या प्रवासासाठी अष्टमांश सेंट मागून घेतला, आणि २०१६ मध्ये रस्त्यांसाठी कौंटीने आणखी तीन अष्टमांश. राज्याचा मूळ दर ७.२५ टक्के, त्यात हे सगळे मिळवले की ९.२५. शंभर डॉलरचे बूट घेणारा सॅलिनासचा शेतमजूर सव्वानऊ डॉलर कर देतो. त्यातल्या पन्नास सेंटांवर वाचनालयाचे दार उघडे आहे.

आणि ज्या लेट्यूसवर हे गाव जगते, त्यावर? काही नाही. कॅलिफोर्नियात किराणा आणि भाजीपाल्यावर विक्रीकर नाही. शेतातून ट्रक भरभरून लेट्यूस देशभर जाते, सॅलिनासच्या विक्रीकरात त्याचा एक सेंट पडत नाही. तेच लेट्यूस चिरून, वर दोन ऑलिव्ह टाकून हॉटेलात बसून खाल्ले, तर मात्र ते करपात्र होते.

काय करपात्र आणि काय नाही, हा या राज्यातला स्वतंत्र अभ्यासविषय आहे. थंड सँडविच बांधून नेले तर कर नाही. तेच दुकानदाराने भाजून दिले तर कर. गरम कॉफी एकटीच बांधून नेली तर कर नाही. तीच गरम सँडविचसोबत एकत्रित भावात घेतली तर कर. फ्रीमाँट-सनीव्हेलच्या भारतीय दुकानांत जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा धर्मशास्त्राचा प्रश्न रोज पडतो, त्यांना तो ठाऊक असो वा नसो. फ्रीझरमधला गोठलेला समोसा करमुक्त. काउंटरवरचा गरम समोसा करपात्र. म्हणजे शहराच्या तिजोरीला हातभार लावायचा तर वडापाव दुकानातच, गरमागरम खावा. १९९१ मध्ये राज्याची तिजोरी रिकामी होती म्हणून वेफर्स, चॉकलेट अशा खाऊवर विक्रीकर लावला होता. मतदारांनी १९९२ च्या नोव्हेंबरमध्येच तो रद्द केला. शाळा, तुरुंग, रस्ते सगळे एकीकडे आणि बटाट्याचा वेफर एकीकडे, असे ठरवायची वेळ आली तेव्हा जनतेने वेळ दवडला नाही.

विक्रीकरातला एक टक्का, जिथे विक्री झाली त्या शहराला मिळतो. त्यामुळे प्रत्येक कॅलिफोर्नियन शहराला मोटारींची शोरूम आणि मोठी दुकाने जावयासारखी प्रिय असतात. घरे नकोत, घरांत माणसे येतात आणि त्यांना सेवा द्याव्या लागतात. ॲपलचे गाव असलेल्या कुपर्टिनोचे नशीब तर वेगळेच. राज्यात कुठेही कुणी ॲपलकडून ऑनलाइन खरेदी केली की ती विक्री कुपर्टिनोत झाली, असे वर्षानुवर्षे धरले जाई. शहराचा वाटा कुपर्टिनोला जाई आणि जुन्या कराराने त्याचा काही भाग शहर कंपनीला परत देई. मग राज्याच्या कर खात्याने हिशेब तपासला आणि ही विक्री तिथे धरणे चूक असल्याचे म्हटले. एका लेखापरीक्षणाने सुखवस्तू गावाच्या अंदाजपत्रकाला घाम फुटला. या गावात मराठी माणसे बरीच आहेत आणि त्यांतले पुष्कळ जण त्याच कंपनीत आहेत. आपल्या गल्लीतल्या दिव्यांचे बिल दूरच्या कुणीतरी घेतलेला आयफोन भरत होता, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक होते कोण जाणे.

मतदाराला शहाणे करण्यासाठी पुस्तिकेत दोन्ही बाजूंचे लेखही छापतात: बाजूने तीनशे शब्द, विरोधात तीनशे, मग एकमेकांना उत्तरे अडीचशे शब्दांत. बाजूच्या लेखाखाली अग्निशामक, निवृत्त नर्स आणि एखादा छोटा दुकानदार सही करतात. कौन्सिलचा सदस्य शक्यतो मागे राहतो. विरोधकांच्या लेखात ठळक मोठी अक्षरे आणि उद्गारचिन्हे जास्त. त्यांचा मुख्य मुद्दा एकच: हा पैसा खड्ड्यांत जाणार नाही, पेन्शनमध्ये जाणार. मुद्दा निराधार नाही. नव्वदच्या दशकाअखेर शेअर बाजार तेजीत असताना पोलिसांना आणि अग्निशामकांना भरघोस पेन्शनची वचने दिली गेली; २००८ मध्ये बाजार कोसळला, वचने तशीच राहिली. पण ‘खर्च कमी करा’ म्हणणाऱ्या त्या लेखात कोणते अग्निशमन केंद्र बंद करायचे ते कधीच नसते. ‘उधळपट्टी थांबवा’ एवढेच असते. उधळपट्टी कोणत्या खात्यात नोंदवतात, हे कोणत्याही शहराच्या लेखापालाला अजून सापडलेले नाही. आणि ज्या ‘नागरिकांच्या देखरेख समिती’चे नाव पंच्याहत्तर शब्दांत आवर्जून असते, ती नेमते कोण? बहुधा कौन्सिलच.

एवढे सगळे असूनही शहरांचे असे बहुतेक प्रस्ताव मंजूर होतात. करांना शिव्या देत मतदार ‘हो’ वर खूण करतो. आपल्या घराचा कर वाढवू देत नाही; पण प्रत्येक खरेदीवर अर्धा सेंट, जो गरीब शेजाऱ्यालाही द्यावा लागतो, तो त्याला चालतो. ज्याचा पगार कमी, त्याच्या खिशातून या कराचा वाटा जास्त जातो, हे त्या पंच्याहत्तर शब्दांत कधी येत नाही. यावरून या व्यवस्थेला खरे गुण द्यायचे तर ती नापासच ठरते: घरमालकाने १९७८ मध्ये स्वतःला दिलेल्या सवलतीची भरपाई आज बूट घेणारा शेतमजूर करतो आहे, आणि ती त्याच्याकडून वाचनालयाचे चित्र दाखवून मागितली जाते.

तरी सगळीच शहरे वाकत नाहीत. सॅन डिएगो हे राज्यातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. तिथला विक्रीकर ७.७५ टक्के, शेजारच्या चुला व्हिस्टात ८.७५. महापौर टॉड ग्लोरिया आणि कौन्सिलने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेझर ई मांडला: एक सेंट, वर्षाला सुमारे चाळीस कोटी डॉलरचा अंदाज. तो अगदी निसटत्या मतांनी पडला. लोकांनी शहराला सांगितले की काटकसर करा. शहराने काटकसरीसोबत आणखी काही केले. जानेवारी २०२५ मध्ये पार्किंग मीटरचा दर तासाला सव्वा डॉलरवरून अडीच डॉलर झाला. त्याला मतदान लागत नाही. १९१९ पासून सॅन डिएगोतल्या स्वतंत्र घरांचा कचरा शहर फुकट उचलत होते. ती सोय बंद करायची परवानगी मतदारांनीच २०२२ मध्ये काठावरच्या मतांनी देऊन ठेवली होती. जून २०२५ मध्ये कौन्सिलने कचऱ्याचे शुल्क ठरवले: तीन डब्यांच्या पूर्ण संचाला महिन्याला साधारण ४४ डॉलर, वसुली प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातून.

तेव्हा सॅन डिएगोला मुला-लेकीकडे जाणाऱ्या मराठी आई-वडिलांना एवढीच विनंती की तिथल्या मतदारांनी कर नाकारला म्हणून गाव स्वस्त झाले असेल, असे समजू नये. डाउनटाउनमध्ये गाडी लावायची वेळ आली तर तासाचे अडीच डॉलर तयार ठेवावेत.